थांबल्यासारखी दिसणारी चक्री

आधी एक सांगून टाकतो. माझा भुताखेतांवर विश्वास नाही. पत्रकांतून मी तसं ठणकावून लिहिलंय, देवळासमोरच्या कट्ट्यावर उभा राहून बोललोय, आणि त्यापायी एका गावात शिव्याही खाल्ल्यात. तरीही सांगलीतल्या एका लाकूड-कारखान्यात मी चक्री उलटी फिरताना पाहिली आहे. मोटर सुलटी, पट्टा सुलटा, आणि चक्रीचे दात मात्र कोणीतरी पलीकडून बोटानं ढकलावं तसे सावकाश, एकेक करून, मागे. ते बघताना मानेवरचे केस उभे राहिले होते, हेही सांगून टाकतो. लपवालपवी करायची तर लिहायचं कशाला?

त्या दातांपुढे माझ्या मामाचा हात दिवसाचे आठ तास असायचा. हे सगळं त्या हाताबद्दल आहे.

चार वर्षांपूर्वी मी कॉलेज अर्धवट सोडलं. साताऱ्यात घरी बसलो की वडील पेपरातून डोकं वर न काढता खाकरायचे. त्या खाकरण्याला कंटाळून आखाडात सांगलीला मामाकडे गेलो. झोळीत दोन शर्ट आणि सायक्लोस्टाईल केलेल्या पत्रकांचा गठ्ठा. कामगार म्हणजे काय, ते मला तोवर त्या गठ्ठ्यातूनच माहीत होतं. मामानं वरचं पत्रक उचललं, ओठ हलवत चार ओळी वाचल्या आणि म्हणाला, "बेस लिवलंयस. आता ह्ये ऱ्हाऊ दे घरात. उद्यापासनं माझ्यासंगं चल. हाताला फोड आलं की मग लिव."

मामा फौजेतून पेन्शनीवर आलेला. तिथल्या वर्कशॉपात तो लाकूडकाम शिकला. गावचा ऊस भावांच्या हवाली करून तो सांगलीला आला, कारण त्याला भाजल्या मातीपेक्षा सागवानाचा वास आवडायचा. त्याच्या हाताला दहाच्या दहा बोटं होती. यात सांगण्यासारखं काय, असं वाटेल. त्या कारखान्यात होतं. पॉलिशला एक म्हातारा होता, सगळे त्याला आबा म्हणायचे. तो नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगायचा, "चक्रीवाल्याशी हात मिळवला की आपलीच बोटं मोजून घ्यावी गड्या. त्याच्याकडं कमी आस्त्यात, त्यो आपली ठेवून घ्यायचा."

कारखाना मिरजेच्या रस्त्याला, लांबट पत्र्याच्या शेडमध्ये. दारं, खिडक्या आणि फोटोच्या चौकटी. आमच्या भागात नवं घर बांधलं की माणसं फौजेतल्या पोराचा फोटो सागवानी चौकटीत घालून सोप्यात लावतात. चौकट म्हटलं की चार कोपरे, आणि कोपरा म्हटलं की तिरका काप. दोन पट्ट्यांची टोकं अर्ध्या काटकोनात कापली की एकमेकींना अशी भेटतात, की मधून केस जात नाही. ते काम चक्रीचं. लोखंडी टेबल, टेबलाला मागे बिजागरीवर एक लोखंडी हात, त्या हाताच्या टोकाला परातीएवढी गोल करवत, मागे मोटर आणि पट्टा. टेबलावरचं पान फिरवून कोन धरायचा, लाकूड आडव्या पट्टीला टेकवायचं आणि लोखंडी हात खाली ओढायचा. चक्री लाकडात उतरते. सोडलं की स्प्रिंग तिला परत वर, माणसाच्या छातीसमोर नेऊन ठेवते. ती तिथं टांगलेली असते. बघत.

"बघत" हा शब्द माझा नाही, मामाचा. मला तो आवडत नाही, पण दुसरा सापडला नाही.

पहिले चार दिवस मामानं मला मशीनला हात लावू दिला नाही. नुसतं शेजारी उभं केलं आणि फौजी आवाजात पाठ घेतला.

"बाह्या वर. घड्याळ काढ. ती झोळी गळ्यात घालून आलास तर तुला झोळीसकट भायेर घालीन. चक्रीच्या नाकासमोर हुबा ऱ्हायचं न्हाई, बगलंला ऱ्हायचं. ढलपी उडाली तर शेजारनं गेली पायजे, बरगडीतनं न्हाई. हात कवा बी चक्रीपासनं ईतभर लांब. तुकडा त्यापेक्षा बारका असंल तर शिकंज्यात आवळायचा, हातात धरायचा न्हाई. एका हातावरनं दुसरा हात फुलीवानी न्यायचा न्हाई. चक्री पुऱ्या येगात आल्याबिगर लाकडावर उतरवायची न्हाई. काप झाला, की भिंतीवरला मोटरीचा खटका पाड. आन् चक्री थांबल्याबिगर तुकडा उचलायचा न्हाई. समजलं?"

"समजलं. थांबली का ते बघायचं आणि मग—"

"बघायचं न्हाई!" मामा असा ओरडला, की पलीकडे रंधा मारणारा थांबला. "डोळ्यावर इश्वास ठिवायचा न्हाई रं. चिमूट टाक."

त्यानं टेबलाखालून चिमूटभर भुसा घेतला आणि लांबूनच चक्रीच्या दातांवर टाकला. चक्री मला स्पष्ट थांबलेली दिसत होती. दात मोजता आले असते. भुसा दातांना लागला आणि सटकन मागच्या भिंतीवर जाऊन आदळला.

आम्ही दोघं त्या थांबलेल्या चक्रीकडे बघत राहिलो. मग ती हळूच उलटी फिरायला लागली.

याचं कारण आहे. मी ते शोधून काढलं. साताऱ्याला गेलो तेव्हा शाळेतल्या विज्ञानाच्या मास्तरांना गाठलं. मालकानं शेडमध्ये पिवळे बल्ब काढून ट्यूब लावल्या होत्या. ट्यूब सेकंदाला शंभर वेळा पेटते-विझते, आपल्या डोळ्याला ते कळत नाही. दर पेटण्याला एका दाताच्या जागी बरोबर दुसरा दात आला, की चक्री थांबलेली दिसते. किंचित मागे राहिला, की उलटी. मास्तरांनी पाटीवर आकृती काढून दाखवली. मी उड्या मारत परत आलो आणि जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना समजावलं. अंधश्रद्धेला एक दणका, म्हटलं.

सगळ्यांनी ऐकून घेतलं. आबानं भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "आस्सं व्हय. म्हंजे ट्यूब उजेड दावती आन् खरं ते लपवती."

"तसंच, आबा."

"मग भूत काय येगळं करतंय?"

सगळे हसले. मला राग आला. मामा तेवढा हसला नाही. म्हणाला, "कारण कळलं त्ये चांगलं झालं. पर कारण कळल्यानं बोट वाचत न्हाई. चिमूट टाकल्यानं वाचतंय."

त्यांच्यात चक्रीबद्दल जे बोललं जायचं, ते मला आल्यापासून तुकड्या-तुकड्यानं कळत होतं. मामाच्या आधी त्या मशीनवर जत भागातला एक माणूस होता. निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलायचा. काप संपवून त्यानं तुकडा उचलायला हात घातला. चक्री थांबलेली दिसली म्हणून घातला. तळवा गेला. दवाखान्यात जखम शिवली, पण धनुर्वात झाला आणि आठवड्यात तो गेला. त्याचा निळसर शर्ट चक्रीमागच्या खिळ्याला अजून अडकवलेला होता. कामावर आल्यावर त्यानं काढून ठेवलेला, तसाच. तो काढायला कोणी तयार नव्हतं. खांद्यावर भुसा साचून साचून तो शर्ट माणसाच्या अंगात असल्यासारखा ताठ झाला होता. मोटर चालू झाली की वाऱ्यानं त्याची एकच बाही हलायची, उजवी. दुसरी खिळ्यामागे अडकलेली होती, एवढंच त्यामागचं कारण. मी जाऊन तपासलं होतं. तपासल्यावरही नजर तिकडं जायची.

आबा म्हणायचा, चक्री उलटी फिरती ती त्याच्यामुळं. "त्यो बिचारा कुणाला काय करत न्हाई. त्येला निस्ता त्यो दिवस माघारी फिरवायचा हाय."

मी मोठ्यानं म्हणायचो, "आबा, त्याला चक्रीनं नाही मारलं, मालकानं मारलं." आणि हे मी आजही म्हणतो. कारण त्या चक्रीला पत्र्याचा टोप होता. दातांवर बसणारा, लोखंडी हात खाली ओढला की आपोआप मागे सरकणारा. बनवणाऱ्यानं तो गंमत म्हणून दिलेला नव्हता. पण खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. टोप घातलेल्या चक्रीला कुंकू लावणार कुठं? म्हणून दर खंडेनवमीला टोप काढायचे आणि दसरा झाला की बसवायचे. एका वर्षी तो बसवायचा राहिला. टोपाविना काप भराभर होतात, लाकडावरची रेघ स्वच्छ दिसते, हे मालकाच्या लक्षात आलं. आणि मालकानं तोंडातून शब्द काढायच्या आधीच कामगारांनी त्याला कारणही पुरवलं: एकदा पूजा झाल्यावर देवाचं तोंड झाकायचं नसतं. त्याच वर्षी जतचा माणूस गेला. टोप माळ्यावर पडून राहिला.

मी मालकाला जाऊन सांगितलं. मालक सांगलीतला, गोड बोलणारा. "अहो, तुमच्या मामांना विचारा ना. त्यांना नको आहे टोप."

मामाला विचारलं. "फौजेत टोपाबिगर मशीन चालवलं असतं तर सुभेदारानं चामडी सोलली असती," मामा म्हणाला.

"मग इथं?"

"हितं सुभेदार न्हाई. मालक हाय, आन् द्येव हाय. दोघं बी टोप नगो म्हणत्यात."

"आणि तुम्ही?"

मामा उजवा अंगठा एकेका बोटाच्या टोकाला लावत गेला, एक, दोन, तीन, चार. प्रत्येक कापानंतर तो हे करायचा. त्याला स्वतःला ते कळत नव्हतं बहुतेक. झोपेतही करायचा. मामी म्हणायची, "रातभर माळ वढल्यावानी करत्यात."

मी अर्ज लिहिला: टोप बसवा. सहीला फिरवला. एकानंही सही केली नाही. आबानं अर्ज उलटा करून बघितला. म्हणाला, "मागं मोकळाच हाय की. ऱ्हाऊ दे, पॉलिश पुसायला व्हईल." आणि खरोखर पुसलं.

भादव्यात एकदा दुपारी जेवणाच्या सुट्टीआधी मी चक्रीवर होतो. तोवर मामा मला सोपे काप करू देत होता. काप अर्ध्यात असताना लाईट गेली. ती वीजकपातीची वर्षं, त्यात नवल नव्हतं. चक्री कण्हत कण्हत थांबली. मी लाकूड काढून घेतलं, चिमूटही टाकली, शहाण्यासारखी. सगळे बाहेर चिंचेखाली जेवायला गेले. मला भूक नव्हती. फळ्यांच्या थप्पीवर बसून पत्रकाचा मजकूर लिहीत होतो. शेडमध्ये पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या काड्या उतरलेल्या, त्यांत भुशाची धूळ. मशिनींच्या कारखान्यात मशिनी बंद असतात तेव्हाची शांतता वेगळी असते. कान दुखतात.

आणि शर्टाची बाही हलली.

आधी बाही हलली असं मला आजही वाटतं. मग मोटरीचा धक्का बसल्याचा आवाज, मग पट्ट्याची फडफड, आणि समोर कोणीही नसताना चक्री फिरायला लागली. सावकाश, मग जोरात, मग तिचा तो सूर लागला. वर ट्यूब फडफडून पेटली. चक्री माझ्या डोळ्यांदेखत फिरता फिरता थांबली. म्हणजे थांबलेली दिसली. सूर मात्र चालू.

मी उठू शकलो नाही. मास्तरांची आकृती मला तोंडपाठ होती आणि मी उठू शकलो नाही.

मामा आवाज ऐकून धावत आला. आधी त्यानं भिंतीवरचा खटका पाडला. मग माझ्यासमोर येऊन माझ्या कानाखाली वाजवली. पहिली आणि शेवटची.

"लाईट गेली म्हंजे मशीन बंद झालं व्हय रं? खटका वरच! लाईट काय तुला इचारून येती? त्या वक्ताला माझा हात आत असता म्हंजे?"

तेव्हा मला कळलं, की पत्रकात मी मालक, भांडवल, सरकार सगळं लिहिलं होतं आणि खटका लिहिला नव्हता. त्या दिवशी लिहिला. मोठ्या अक्षरांत, पहिल्या ओळीत: लाईट गेली की आधी खटका पाडा.

मग खंडेनवमी आली.

आदल्या दिवशी दुपारपासून साफसफाई. लाईट सकाळीच गेलेली होती, कोणाला फिकीर नव्हती, काम बंदच होतं. शेडमधला भुसा पोती भरभरून बाहेर काढला. जमीन धुतली. मामानं चक्री रॉकेलनं पुसून तेलाचा हात दिला. ती आरशासारखी झाली. माझा पूजेला विरोध होता, तसं मी जाहीर केलं होतं. पण सफाईला माझा विरोध नव्हता. मी फडकं घेऊन भिंतीवरची खटक्याची लोखंडी पेटी पुसली. तिच्यावर वर्षानुवर्षांचा हातांचा मळ होता. तिची पितळी दांडी खालीवर करत, फटीतला मळ काढत, पितळ चकाकेपर्यंत पुसली. लाईट नव्हतीच. स्वतःवर खूश होऊन मी फडकं टाकलं आणि हात धुवायला गेलो.

खंडेनवमीला सकाळीही लाईट आलेली नव्हती. सगळी हत्यारं पाटावर मांडली. रंधे, वाकस, पटाशा, गुण्या, हातकरवती. एकदा मांडल्यावर सीमोल्लंघन होईपर्यंत त्यांना कामासाठी हात लावायचा नाही, हा नियम. मशिनींनाही तोच. झेंडूचे हार चढवले. एक जाड हार आबानं खटक्याच्या पेटीला घातला. ती त्याच्या लेखी मशिनीची नाडी होती. पेटी दिसेनाशी झाली. मामानं धुतलेला पांढरा सदरा घातला होता, डोक्याला टोपी. मी दाराशी हाताची घडी घालून उभा होतो. मला त्या सगळ्याचा राग येत होता. ज्या दातांनी माणूस खाल्ला, त्यांच्यापुढे नारळ. आणि तो निळसर शर्ट मागे खिळ्याला, त्यालाही आज कोणीतरी एक फूल अडकवलेलं.

आरती सुरू झाली. मालक घंटा वाजवत होता, आबा झांजा, बाकीच्यांनी डबे, पत्रे जे हाताला लागेल ते. पत्र्याच्या शेडमध्ये असा आवाज घुमत होता, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. आरतीच्या मध्यात वर ट्यूब फडफडली आणि पेटली. सगळ्यांचे चेहरे उजळले. कोणीतरी हात वर करून ओरडलं. देव पावला. आवाज दुप्पट झाला.

चक्री छातीसमोर टांगलेली, चकचकीत, स्थिर. एकूणएक दात मोजता येत होता.

आरती उतरत आली. झांजा चालूच. मालकानं कुंकवाचं ताट मामापुढे धरलं. जो मशीन चालवतो त्यानं तिला कुंकू लावायचं, पाच ठिकाणी, उघड्या अंगठ्यानं, ही तिथली रीत. मामानं अंगठा कुंकवात बुडवला आणि पुढे झाला. चक्रीच्या नाकासमोर. इतर दिवशी तो तिथं कधीही उभा राहिला नसता. पण आज ते मशीन नव्हतं, देव होता. देवापुढे बगलेला उभं राहत नाहीत.

मी मामाकडे बघत नव्हतो, मी ताटातल्या निरांजनाकडे बघत होतो. शेडमध्ये वारा नव्हता. झेंडूची एक पाकळी हलत नव्हती. आणि निरांजनाची ज्योत चक्रीपासून लांब, आडवी झाली होती. झोपल्यासारखी. कोणीतरी तोंड जवळ आणून हलकेच फुंकर घालतंय तशी.

शर्टाकडे बघायला मी मान वळवली नाही. वळवली असती तर वेळ गेला असता.

मी भुसा शोधला. चिमूट. पण जमीन धुतलेली होती, शेडमध्ये भुशाचा कण नव्हता, आम्हीच काढला होता. मी धावलो, मालकाच्या ताटात हात घातला आणि मूठभर कुंकू चक्रीवर फेकलं.

एक लाल रेघ उठली. सरळ, आखल्यासारखी. भिंतीवरून वर पत्र्यापर्यंत, आणि इकडे मामाच्या सदऱ्यावरून, मालकाच्या कपाळावरून, आबाच्या छातीवरून थेट दारापर्यंत. झांजा थांबल्या. घंटा थांबली. सगळे आपापल्या अंगाकडे बघत होते. कोणाचं रक्त, ते कोणालाच कळेना. आणि त्या शांततेत चक्रीचा सूर ऐकू आला. तो नवा सुरू झालेला नव्हता. ट्यूब पेटल्यापासून तो होताच.

मामाचा अंगठा दातांपासून बोटभर अंतरावर होता. त्यानं तो मागे घेतला. घाई न करता, झोपलेल्या कुत्र्यापुढून हात काढावा तसा. मग वळून भिंतीपाशी गेला, हाराच्या आत हात घालून चाचपलं आणि खटका पाडला. झेंडूची फुलं खाली पडली. चक्री लालेलाल, दिसेल न दिसेल अशी थांबत गेली. मध्येच थबकली, उलटी फिरल्यासारखी झाली, मग खरी थांबली.

आबा पहिला बोलला. "घेतलं. कुंकवावर भागलं तेचं."

आणि मग सगळे मोकळे झाले. हो, हो, मागून घेतलं. रक्ताऐवजी कुंकू. आता वर्षभर चिंता नाही. मालक कपाळ न पुसता म्हणाला, "शुभ झालं म्हणायचं." कोणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली, तुझ्या हातून देवानं करवून घेतलं म्हणून.

मला जे आलं ते रडू होतं की संताप, सांगता येत नाही. मी ओरडत सुटलो. टोप असता तर! ट्यूब नसती तर! कुंकवानं भागलं म्हणता, आणि जतच्या माणसाला आधी विचारलं होतं का कुंकू चालेल का म्हणून? कोणी रागावलं नाही. त्यांना आनंद झाला होता. माणसं आनंदात असली की पत्रकाचा काही उपयोग होत नाही, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

मामा उजवा अंगठा डाव्या मुठीत धरून फळ्यांवर बसला होता. प्रसाद घेतला तोही डाव्या हातानं. घरी जाताना सायकल एका हातानं चालवली. मूठ सोडली नाही. मामीनं विचारलं, लागलं का काय? तो म्हणाला, न्हाई. संध्याकाळी जेवताना पोळी मोडायला मूठ सोडावी लागली, तेव्हा त्यानं अंगठ्याकडे असं बघितलं, जणू तो दुसऱ्या कोणाचा होता आणि सांभाळायला दिला होता.

मी सांगून टाकलं. "मामा, खटका मी वर ठेवला. काल पुसताना."

"म्हाईत हाय. पितळ लय चकाकत हुतं."

"मग सगळ्यांपुढं बोलला का नाहीत?"

"तुझ्यावर कशाला घालू? तू लगीच पत्रक काढशील." मग म्हणाला, "आन् मी बी चिमूट टाकली न्हाई की. फौज धरून आठरा वर्सात पयल्यांदा."

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी कारखाना उघडला तेव्हा सगळ्यांच्या आधी मामा गेला होता. मी पोचलो तर तो शिडीवर, माळ्यावरची अडगळ उपसत होता. टोप सापडला. एका कडेला चेपलेला, आत कोळ्याची जाळी. त्यानं तो हातोडीनं ठोकून सरळ केला, खिळ्यावरचा निळसर शर्ट काढला, त्याच शर्टानं टोप आतून पुसला आणि शर्ट घडी करून आपल्या डब्याच्या पिशवीत ठेवला. एकेक माणूस येत होता आणि दारातच थांबत होता.

"आरं," आबा म्हणाला, "द्येवाचं त्वांड झाकतुयास व्हय?"

मामा पान्यानं बोल्ट आवळत होता. "आवं आबा, द्येव आसंल तर पत्र्याआडनं बी बघंल. आन् नसंल, तर झाकल्यालंच बरं."

मालक आला. त्यानं बघितलं, काही बोलणार होता. मामा पाना हातात घेऊन सावधान उभा राहिला, फौजेतल्यासारखा, नजर समोर भिंतीवर. मालक आपल्या खोलीत गेला. एवढंच. कायदा नाही, मोर्चा नाही, एका सहीचा अर्ज नाही. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. एका माणसानं आपल्या हातासाठी पाना उचलावा लागणं हा काही न्याय नव्हे. पण झालं ते असं झालं.

मामानं खटका वर केला. चक्री पत्र्याआड फिरायला लागली. आता दात दिसत नव्हते, ना थांबलेले, ना उलटे. बगलेला उभं राहून त्यानं पट्टी टेकवली, हात खाली ओढला. टोपामुळं लाकडावरची रेघ त्याला दिसत नव्हती, मान वाकडी करून अंदाजानं काप घेतला. खटका पाडला, थांबला, चिमूट टाकली, तुकडा उचलला आणि दुसऱ्या पट्टीला जोडून बघितला. कोपऱ्यात एक सूतभर फट राहिली होती. त्याचा काप चुकलेला मी कधी पाहिला नव्हता, आणि तिथं उभ्या असलेल्या कोणीही पाहिला नव्हता.

कोणी हसलं नाही. मामानं तो तुकडा बाजूला ठेवला, टोपाच्या कडेशी डोळा नेऊन रेघ कुठून दिसते ते शोधलं आणि नवी पट्टी घेतली.